झोपेचा रकाना

वीस वर्षं मी गोव्यात डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवला. माझे वडील दोडामार्गाकडून याच कामाला आले आणि इकडचेच होऊन गेले. खनिज भरायचं, जेटीवर बार्जपाशी ओतायचं, रिकामा ट्रक घेऊन परत यायचं आणि प्रत्येक फेरीची वहीत एक रेघ मारायची. माझं लिहिणं एवढंच. स्वतःबद्दल कधी काही लिहावं लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मग खाणी बंद झाल्या. मालकाचा ट्रक कारापूरला आमच्या घरासमोर उभा राहिला. सुरुवातीला मी रोज सकाळी इंजिन चालू करून बघायचो, चाकांची हवा बघायचो. पुढे पुढे माझी झोप कमी होत गेली. त्याचा त्रास काही वाटत नव्हता, उलट अंगात एवढी ताकद आली होती की विचारू नका. मी तो ट्रक एकट्याने घासून रंगवला. रंग उरला म्हणून आमचं फाटक रंगवलं. मग शेजाऱ्यांचं कुंपण, त्यांना न विचारताच. शेजारीण बाहेर येऊन बघत राहिली तर मी तिला म्हणालो, "वहिनी, उद्या तुमची जनेलं रंगवतंय." तिने आत जाऊन खिडक्या ओढून घेतल्या आणि माझ्या बायकोला हाक मारली.

दोन दिवसांनी मी ट्रक घेऊन बंद खाणीच्या फाटकापाशी गेलो आणि वॉचमनला म्हणालो, फाटक उघड, मला माल भरायचा आहे. तो हात जोडत होता आणि मी ओरडत होतो. शेवटी माझा मेव्हणा आणि शेजारचे तिघे जीप घेऊन आले. चौघांनी मला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि इस्पितळात नेलं. वाटेत साखळीच्या बाजारात जीप थांबली तेव्हा ओळखीची माणसं आत डोकावून बघत होती. ती नजर मी विसरलेलो नाही.

इस्पितळातून आलो तो वेगळाच माणूस होऊन. आधी झोप येत नव्हती, आता उठवत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. म्हापशाच्या एका डॉक्टरबाईंकडे पुढचे उपचार सुरू झाले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या समजावल्या आणि म्हणाल्या, "यात मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. ते कधी निघालं, हे लवकर कळलं तर आपण सावरू शकतो. त्यासाठी एक वही करा. रोज तीनच गोष्टी लिहायच्या. झोप किती तास झाली, मन कसं आहे त्याचा एक ते दहात आकडा आणि दिवसभरात काय केलंत ते."

"डॉक्टर, मी ट्रीपा लिहिल्यात. मन कधी लिवलंय नाय."

"मग शिका," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं रोज लिहायची सवय आहे ना? माझ्या पुष्कळ पेशंटांना तीसुद्धा नसते."

पहिला महिना मी फसवणूक केली. झोप सात, मन पाच. झोप सात, मन पाच. सगळं पान तसंच. डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि चष्मा काढून ठेवला. "पाच लिहिलं की कुणी पुढे काही विचारत नाही, म्हणून ना?" त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "मला खूश करायला लिहू नका. ही वही माझी नाही, तुमची आहे."

घरी येऊन मी पहिल्यांदा खरा आकडा लिहिला. दोन. एवढा मोठा माणूस, टिपर चालवलेला, आणि मन दोन! पण लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं थोडं हललं, हेही खरं.

काही दिवस तेवढंही जमत नव्हतं. मेजावर वही असायची आणि मी खाटेवर. असे कितीतरी दिवस कोरे गेले असतील, असं मनात धरूनच मी एका सकाळी वही उघडली, तर एकही दिवस कोरा नव्हता. माझ्या बायकोचं अक्षर होतं. ती शाळेतल्या मुलांचं जेवण करणाऱ्या बचतगटात काम करते, पहाटे उठून जाते, दुपारी घामाघूम होऊन येते. तिने लिहिलं होतं: "झोप बारा तास. मन माहीत नाही, विचारलं नाही. पेज अर्धी घेतली." दुसऱ्या दिवशी: "झोप अकरा. अंघोळ केली नाही. मुलीने हाक मारली तेव्हा ओ दिली." आणि एका दिवशी नुसतं एवढंच: "पोदेराचा भोंगा ऐकून आपण होऊन बाहेर गेले. चार उंडे आणले."

सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर. मी त्याच्याकडून पाव आणले, हे मला आठवतसुद्धा नव्हतं. तिला ते लिहिण्याएवढं मोठं वाटलं होतं.

"तू कित्याक लिवलंस?" मी तिला विचारलं.

ती भांडी पुसत होती. मागे न वळता म्हणाली, "दिवस रिकामो ऱ्हवलो असतो तर डॉक्टरणीक काय दाखवतलास?" मग ताट मांडणीवर ठेवत म्हणाली, "आणि माका पण कोणाक तरी सांगूचा होता."

त्या दिवसापासून मी वही चुकवली नाही. ताप असताना लिहिली, मेव्हण्याच्या लग्नात मांद्र्याला गेलो तेव्हा पिशवीत घालून नेली. पहिली वही संपली, दुसरी संपली. वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागल्यावर मला माझी चाल कळू लागली. मन वर जायचं असलं की आधी झोप उतरते, सातावर असलेली पाचावर येते, मग तिनावर. अक्षर मोठं होतं. एरवी मी तीन ओळींत आटपतो, त्या दिवसांत दोन पानंही पुरत नाहीत. आणि हे बहुतेक वेळा गणेशचवथीच्या आधीच्या दिवसांत होतं. घरात गणपतीवर फळं-पानं बांधायच्या माटोळीची गडबड असते, माणसं येत-जात असतात, आणि माझं डोकं धावायला लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच अक्षरातून मी ते शोधून काढलं, आणि डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते आपल्या कागदावर उतरवून घेतलं. त्या दिवशी म्हापशाहून परतताना बसमध्ये मी ताठ बसलो होतो.

दीड वर्षाच्या वह्या बघून त्यांनी मला पुन्हा गाडी चालवायची परवानगी दिली, तसं पत्रही दिलं. मोपाच्या विमानतळावर काम करणाऱ्यांना ने-आण करणारी एक बस होती. साखळी, कारापूर, डिचोली, अस्नोडा करत ती पेडण्याच्या पठारावर चढायची. मी त्या बसवर लागलो. झाडूपोछा करणाऱ्या बायका, सामान चढवणारी माणसं, कँटीनमधले आचारी, चाळीसएक जण बसायचे. आता मागे खनिज नव्हतं, माणसं होती. पण डॉक्टरांचं पत्र मी कामावर दाखवलं नाही. पेटीत तळाशी ठेवलं. भीती वाटली, दुसरं काय.

वही सुरू केल्याच्या तिसऱ्या वर्षी चवथीला आठवडा होता. मी पहाटे उठलो तो एकदम ताजातवाना. अंगणात फुलं वेचली, मांडवाची काठी सरळ केली, चहा करून बायकोला दिला. मन इतकं छान होतं की त्या दिवशी मी बस दिल्लीपर्यंत नेली असती. मेजाशी बसून वही उघडली आणि झोपेसमोर तीन लिहिले. वर नजर गेली. आदल्या दिवशी तीन. त्याच्या आदल्या दिवशी साडेतीन. त्याच्याही आधी चार. आदल्या दिवशीचं पान कडेपर्यंत भरलेलं, मोठाल्या अक्षरांत, समासातसुद्धा लिहिलेलं. मी गेल्या वर्षीची वही काढली. तोच महिना, तेच आकडे.

बायको दारात उभी होती. मी पेटी उघडून डॉक्टरांचं पत्र काढलं, वहीबरोबर पिशवीत घातलं आणि निघालो.

आमचा सुपरवायझर पेडण्याचा, वयाने माझ्याहून मोठा, तोंडाचा फटकळ. त्याने नेहमीप्रमाणे चावी पुढे केली. मी ती घेतली आणि त्याच्या टेबलावर परत ठेवली.

"आज मी गाडी काढूचंय नाय."

"ताप इलो काय?"

"ताप नाय. झोप नाय. चार दिस."

"मगे तोंड धू, चाय घे आणि जा. पयली ट्रीप चुकली तर माका वरचे खातले."

"चायीन जाणारा नाय हा," मी म्हणालो, आणि वही त्याच्यासमोर उघडून ठेवली. शेजारी पत्र ठेवलं. आयुष्यात मी घाटात ब्रेक गेलेला ट्रक थांबवलेला आहे. तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो.

त्याने पत्र वाचलं. मग वहीची चार पानं उलटली. बाहेर बसपाशी माणसं जमायला लागली होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ह्या आधी सांगूक होया होता," तो म्हणाला.

"होय. चुकला माजा."

"आता तुका कसा वाटता?"

"एकदम बरा वाटता. त्याचीच भीती आसा."

त्याने वही आणि पत्र माझ्या हातात दिलं. मग टेबलावरची चावी उचलली, खिडकीतून क्लार्कला आपण येईपर्यंत ऑफिस सांभाळायला सांगितलं, आणि स्वतः जाऊन बसमध्ये चढला. ती पहिली ट्रीप त्याने चालवली.

मी रस्त्यावर येऊन म्हापशाची बस पकडली. कुणी धरून नेलं नाही. तिकीट काढलं, खिडकीशी बसलो, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नंबर लावला आणि माझी पाळी आल्यावर म्हणालो, "डॉक्टर, मी वर निघालोय. अजून फार लांब गेलो नाही." त्या हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गोळी बदलली, पंधरा दिवस गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. चवथ मी घरी केली. आरत्यांना बसलो, पाहुण्यांना वाढलं, वेळेवर निजलो. कुणाचं कुंपण रंगवलं नाही.

सोळाव्या दिवशी कामावर गेलो तेव्हा मनाची तयारी होती की ते काढून टाकतील. सुपरवायझरने डॉक्टरबाईंनी दिलेलं नवीन पत्र फायलीत लावलं आणि चावीचं रजिस्टर पुढे सरकवलं. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, वेळ, सही. सहीच्या आधी त्याने पट्टीने एक नवी रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं, झोप किती तास.

"हा माज्यासाठी?"

"सगळ्यांसाठी. माका पण. त्या दिसा तुजी गाडी मी न्हेलंय, तेव्हा मी पाचच तास निजलेलंय. ता कोणी विचारला नाय."

पहिले काही दिवस बाकीचे ड्रायव्हर थट्टा करायचे. एकाने मुद्दाम अकरा लिहिले, एकाने लिहिलं, "बायकोक विचारा." मी सात असले तर सात लिहायचो, साडेसहा असले तर साडेसहा.

मग यंदा एका सकाळी आमच्यातला सर्वांत जुना ड्रायव्हर, ज्याची आई घरी आजारी होती, रजिस्टरापाशी आला. त्याने पेन घेतलं आणि झोपेच्या रकान्यात दोन लिहिले. सही केली नाही. चावी तिथेच ठेवून तो बाकावर येऊन माझ्या शेजारी बसला. कुणी हसलं नाही. सुपरवायझरने दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली.

मी माझ्या थर्मासमधला चहा कपात ओतून त्या जुन्या ड्रायव्हरला दिला.