ब्रेकबाई हस्की निवडतात

गावात गाडी चालवणाऱ्यांच्या दोन जाती. एक, ब्रेकबाईंकडे शिकलेले. दुसरी, ज्यांनी ब्रेकबाईंकडे शिकायला हवं होतं असे. बाई पिशवी घेऊन रस्त्यानं निघाल्या की दातांचे डॉक्टर स्टिअरिंगवरचा एक हात गुपचूप दोन करतात, आणि खाटीक चालत्या गाडीत पट्टा चाचपडायला लागतो. बाई बघतही नाहीत. पण न बघितल्याचं कळावं इतकं न बघतात.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी आणखी एक ब्रेक असतो. तो बाईंचा. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, रस्ता दुसऱ्यानं धरलेला, घामही दुसऱ्यालाच फुटलेला. बाईंच्या वाट्याला काय, तर थांबवणं. "घाई कोणाला आहे? मला तर नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्या अशा सुरात म्हणतात की समोरून ट्रक येत असला तरी शिकणाऱ्याला जांभई यावी. वडील बेकरीची गाडी चालवायचे, त्यांच्याकडून बाई हे शिकल्या. पाव दबले तर वडील ओरडत नसत. उतरून मागचं दार उघडायचे, दबलेला पाव बघायचे, एक उसासा टाकायचे आणि परत येऊन बसायचे. त्या उसाशासारखं दुसरं शिक्षण नाही, असं बाई सांगतात.

पायाची सवय घरीही सुटली नाही. नवऱ्यानं पानात दुसऱ्यांदा मीठ घेतलं की टेबलाखाली बाईंचा उजवा पाय फरशी दाबतो. मुलगी फोनवर मैत्रिणीला "अगं, एक सांगू का" म्हणाली की पुन्हा पाय. बोलत मात्र काही नाहीत. बोलायला घरात इतर लोक आहेत.

आणि कसे आहेत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं? आणि आता? आणि आता?" तेच घरी. पडदे हे बरे, की ते बरे? सासरे दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते, निवृत्त होऊन जमाना झाला, पण घराच्या दारात पाहुणा आला की आजही आधी "कोणाकडे?" आणि मग "या." मुलगी कॉलेजात. तिला जग दोनच रंगांत दिसतं: "काय भारी" आणि "शी." या तिघांत घराचे सगळे निर्णय व्हायचे. सोफा, सहल, भिंतींचा रंग, बाईंच्या वाढदिवसाचा केकसुद्धा. बाई "चालेल" म्हणायच्या.

म्हणून एका संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "आपण कुत्रं आणतोय. हस्की. आणि पिल्लू मी निवडणार," तेव्हा तिघांचेही घास वाटेतच थांबले.

"हस्की म्हणजे ते लांडग्यासारखं?" सासरे म्हणाले. "ते भुंकत नाही म्हणतात. चोर आला तर त्याला कपाट दाखवील."

"केस किती गळतात त्याचे," नवरा म्हणाला. "दुकानात काचांवर केस बसले तर गिऱ्हाईक म्हणेल, मला मोतीबिंदू झाला."

"निळ्या डोळ्यांचं घ्यायचं," मुलगी म्हणाली. "दुसरं आणलं तर मी बोलणार नाही त्याच्याशी."

"अगं, पण पळणारं कुत्रं का?" नवऱ्यानं विचारलं. "घरात बसणारं बरं, की पळणारं बरं?"

"घरात बसणारे पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

लहानपणी कुत्रं मागितलं तर पावात केस जातील म्हणून नाही मिळालं. पुढे शिकवण्या, संसार, पोर. सकाळी उठून कुणाच्या तरी मागे सुसाट निघावं, थांबवायचं आपल्याकडे नसावं, एवढीच बाईंची हौस होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कारण सांगितली असती तर तिघांनी मिळून तीही ठरवली असती.

हस्कीवाला गावाबाहेर, जुन्या लाकडाच्या वखारीत राहायचा. मोठा देह, छोटा आवाज. मुलीनं आल्या आल्या त्याचं नाव पूर्णविराम ठेवलं, कारण तो प्रत्येक शब्दानंतर थांबायचा. "या. बसा. हात. धुवा." दोन शब्दांच्या मध्ये माणूस हात धुऊन, पुसून, परत येऊन बसू शकत होता.

"पिल्लं कुठं आहेत?" नवऱ्यानं विचारलं.

"आधी. आई."

हा त्याचा रिवाज होता. पिल्लू मागणाऱ्यानं आधी पिल्लांच्या आईला पाण्याच्या टाकीपर्यंत फिरवून आणायचं. जमलं तर पिल्लांच्या कुंपणात जायचं. नाही जमलं तर घरी. बाईंच्या आधी आलेला एक तगडा गडी बाकावर बसून चिखलानं भरलेली विजार खरवडत होता. "बाई, ती कुत्री नाही, ट्रॅक्टर आहे," तो म्हणाला. "मी ओढलं, तिनं ओढलं. ती जिंकली."

कुत्री आली. करड्या-पांढऱ्या अंगाची, छाती रुंद, आणि चेहऱ्यावर असा भाव की, बरं, आज कोणाला लोळवायचं? पूर्णविरामानं पट्टा बाईंच्या हातात दिला आणि ती सुटलीच. बाई चार पावलं अक्षरशः उडाल्या. सासरे डोळे झाकून म्हणाले, "गेली सून."

पण बाईंना ही कुत्री ओळखीची होती. पहिल्या दिवशी पाय ॲक्सिलेटरवरून काढायचाच नाही असं ठरवून आलेले शिकाऊ त्यांनी ढिगानं पाहिले होते. तसल्याशी स्टिअरिंगवरून झोंबाझोंबी करायची नसते. बाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. पट्टा ताणला, कुत्री मागच्या पायांवर उभी राहिली, मोठ्यानं "आऊऊ, आवाऊ" अशी तक्रार केली. बाई आकाशाकडे बघत राहिल्या. शेवटी, ही बाई मेली की काय ते बघायला कुत्री वळली. पट्टा सैल पडला. बाई लगेच चालू लागल्या. पुन्हा ताण, पुन्हा खांब. पुन्हा सैल, पुन्हा चाल.

"घाई कोणाला आहे?" बाई तिला म्हणाल्या. "मला तर नाही."

कुत्रीनं यावर बरंच लांबलचक उत्तर दिलं, सुरुवातीला चिडून, शेवटी जरा विचार करत.

कुंपणाशी तिघांचा धीर सुटत चालला होता. "अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं," सासरे म्हणाले. "धक्का द्यायला जाऊ का?" नवऱ्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की बाई उभ्या आहेत, चालताहेत, उभ्या आहेत. चिखलवाल्या गड्यानं मात्र विजार खरवडणं थांबवलं होतं.

टाकीवरून परत येताना कुत्री बाईंच्या गुडघ्याशी चालत होती. पट्टा दोघींच्या मध्ये झोपाळ्यासारखा लोंबत होता. बाईंचे केस विस्कटले होते, एक बूट चिखलात काळा झाला होता, आणि चेहरा असा की मुलीनं फोटो काढायला फोन वर केला आणि नुसतीच बघत राहिली.

पूर्णविराम म्हणाला, "माझ्या बायकोनंतर हिला असं आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." वाक्य सलग होतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. तो जरा खोकला आणि पूर्वपदावर आला. "आत. एकट्या. बाहेरच्यांनी. बोलायचं. नाही."

कुंपणातला नियम असा: आत एकानंच जायचं, निवड त्यानंच करायची. बाहेरच्यांनी तोंड उघडलं की वेळ संपली. त्या क्षणी हातात असेल ते पिल्लू आपलं, हात रिकामे असतील तर रिकाम्या हातानं घरी. बाहेरून "ते घे, हे नको" ऐकून लोक पिल्लू नेतात आणि महिन्याभरानं परत आणून टाकतात, म्हणून.

बाई आत जाऊन गवतावर बसल्या. पिल्लांचा लोंढा अंगावर आला. एकानं बुटाची नाडी धरली, एकानं ओढणी, एक मांडीत चढून झोपायच्या तयारीला लागलं. आणि बाहेर कधी नव्हे ते तिघांचीही तोंडं बंद. पण बंद तोंडांनी माणूस किती बोलू शकतो. मुलगी दोन्ही डोळ्यांकडे बोटं नेऊन आभाळाकडे दाखवत होती: निळे, निळे. नवरा डावा हात वर, उजवा हात वर करत होता: हे बरं, की हे बरं? सासऱ्यांनी दंड फुगवून दाखवले. थोराड बघ, असा अर्थ. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, विमान उतरवताहेत.

निळ्या डोळ्यांची एक पिल्ली खरोखरच देखणी होती. बाईंनी ती उचलून घेतली. मुलीनं गुडघे टेकले, हात जोडले. पण बाईंची नजर भलतीकडेच होती. एक मळकट करडी पिल्ली, एक कान उभा, एक वाकलेला, पायपुसण्याच्या रंगाची, बाईंकडे फिरकलीच नव्हती. ती कुंपणाच्या कडेनं सुसाट धावत होती. धावायची, वळायची, पुन्हा धावायची. मग कुंपणाखालची फट तिला सापडली. डोकं गेलं, खांदे गेले, आणि ती थेट सासऱ्यांच्या चपलांसमोर बाहेर निघू लागली.

उभी हयात फाटकावर गेलेला माणूस. त्याच्या नाकासमोरून कुणी न विचारता जातंय हे त्याला सोसवणार कसं.

"ए, कुठं चाललात? पास?" सासरे गरजले.

कुंपणात पळापळ झाली. कुणी खोक्यात शिरलं, कुणी पाण्याच्या घमेल्यात पडलं, निळ्या डोळ्यांच्या पिल्लीनं बाईंच्या काखेत तोंड खुपसलं. पायपुसणं मात्र जागच्या जागी थांबलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, मग मान पूर्ण मागे वळवून बाईंकडे पाहिलं. निवांत. काय म्हणता, जाऊ की थांबू?

"वेळ. संपली," पूर्णविराम म्हणाला. "हातात. आहे. ते."

"काय भारी," मुलगी किंचाळली आणि आजोबांच्या गळ्यात पडली. नवरा म्हणाला, "चला, झालं, छान झालं, निळेच बरे." सासरे आधी शरमले होते, मग आपणच हे जमवून आणलं अशा तोऱ्यात मिशी चाचपू लागले. तिघांचं ठरलं होतं. नेहमीसारखं.

बाईंचा पाय गवतावर होता. तो हलला नाही.

त्यांनी निळ्या डोळ्यांच्या पिल्लीचं डोकं कुरवाळलं आणि तिला खाली सोडलं. "नाही," त्या म्हणाल्या.

हा शब्द घरच्यांनी बाईंच्या तोंडून इतक्या सपाट आवाजात ऐकलाच नव्हता. नवऱ्यानं मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय.

"नियम. आहे," पूर्णविराम म्हणाला.

"नियम तुमचा चांगला आहे. बाहेरच्यांचं ऐकून कुणी निवडू नये, म्हणूनच ना केलात? मग आता बाहेरच्याच्या ओरडण्यावर माझी निवड का ठरवता? मी ही उचलली होती, निवडली नव्हती. मला ती हवी. फटीतली."

पूर्णविरामानं फटीकडे पाहिलं. "ती. अवघड. आहे. सगळ्यांत. ओढणार. पळणार."

"पळू दे की. पळणारे मी पुष्कळ बघितलेत. पुढचं सगळ्यांनाच दिसतं हो. आरसा कुणी बघत नाही. शिकवून शिकवून माझा घसा बसतो. ही न शिकवता बघते. एवढी पळाली, एवढं ओरडणं झालं, आणि मागे कोण आहे ते बघायला थांबली. मला तिच्या मागेच जायचंय. तर मग माझ्याकडे बघणारीच बरी."

"पण आई, पायपुसणं," मुलगी म्हणाली.

"पायपुसणं तर पायपुसणं. तुझे डोळे तरी कुठं निळे आहेत? ठेवलीच ना मी तुला."

चिखलवाला गडी बाकावर खदखदून हसला. नवऱ्यालाही हसू फुटलं. सासरे म्हणाले, "माझ्या एका आवाजात थांबली, म्हणजे शिस्तीची आहे. मी आधीच हेरली होती." पूर्णविराम बराच वेळ उभा राहिला. तो नुसता दोन शब्दांच्या मध्ये होता की विचार करत होता, कळायला मार्ग नव्हता. मग तो वाकला, फटीतून पिल्ली अलगद मागे घेतली आणि बाईंच्या हातात ठेवली.

"न्या," तो म्हणाला. पुढे काहीच आलं नाही.

पिल्लीनं बाईंच्या कोटात डोकं घातलं, आतून एक चक्कर मारली आणि गळ्याशी बाहेर येऊन "आऊ" म्हणाली. कुंपणाचं दार उघडलं तसे तिघं आत घुसले आणि एकदमच सुरू झाले. नाव काय ठेवायचं? मुलीला काहीतरी बर्फाळ हवं होतं, सासऱ्यांना हाक मारली की गल्लीचा कोपरा गाठेल असं, आणि नवरा दोन-दोन नावं समोरासमोर धरून बघत होता.

"तुझं काय मत?" त्यानं बाईंना विचारलं. खरोखर विचारलं, उत्तरासाठी थांबलासुद्धा.

"नाव तुम्ही ठेवा," बाई म्हणाल्या. "माझं काम झालं."

आणि मागे तिघांना भांडत ठेवून त्या वखारीच्या रस्त्यानं निघाल्या, एक बूट काळा, केस उडालेले, कोटातून एक उभा आणि एक वाकडा कान बाहेर आलेला. पिल्ली वाऱ्याकडे तोंड करून कोटातूनच पुढे, पुढे ओढत होती. बाई जवळजवळ धावतच होत्या.