काकूची संमती

काकू माझ्या वडिलांशी बोलत नाही. भांडण नाही, थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही, एवढंच. दोघं एकाच ओसरीवर असले तरी ती मला म्हणते, "तुज्या बापाला म्हण, म्हशीला वैरण टाकलीय." वडील ऐकतात आणि उत्तर मलाच देतात. मी परभणीला इंग्रजी शाळेत शिकले, तरी सुट्टीत घरी आले की हे काम माझ्याकडे. मला ते आवडायचं. त्यात स्वतःचं काही बोलावं लागत नाही.

काका गेल्यावर सातबारावर वडिलांसोबत काकूचं नाव लागलं. अतिवृष्टीत सोयाबीन कुजलं, अनुदानाची यादी आली, तिच्यात दोघांची नावं होती. बोरीच्या सेवा केंद्रात वडिलांचा अंगठा मशीनवर लगेच उठला. काकूचा उठेना. कापूस वेचून आणि राखेनं भांडी घासून तिची बोटं गुळगुळीत झालेली. केंद्रवाला म्हणाला, "मावशी, आठ दिवस तेल लावून या." तिनं लावलं. चार खेपा झाल्या.

"मशीन बी माज्यासंगं बोलंना बघ," ती परतताना हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "एकदा तरी माज्या खात्यावर यावं, माय. कुणाला मागायचं काम न्हाई."

वडील कंटाळले. "किती चकरा मारायच्या? संमती दे म्हणावं तिला." जमिनीचं खातं सामाईक असलं की एकानं संमतीपत्र द्यायचं, मग सगळं अनुदान दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. ते पत्र मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

चावडीत तलाठ्यानं विचारलं, "मावशी, राजीखुशीनं देताय ना?"

काकूनं पदर पुढं ओढला आणि माझ्या कानाशी वाकली. "एवढ्या बारीलाच म्हण. पुढच्या बारीला माज्या नावानं. तसं लिहून घ्या म्हण."

वडील माझ्याकडे बघत होते. तलाठी बघत होता, बाकावर बसलेली चारपाच माणसंही बघत होती.

"हो म्हणतेय," मी म्हणाले.

काकूनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग शाईच्या डबीवर अंगठा दाबला. कागदावर निळा डाग उमटला, त्यात एकही रेष नव्हती. तलाठ्यानं बाजूला शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

अनुदान आलं. वडिलांनी पाईप आणले. "दोघांच्याच रानाला की," ते मला म्हणाले. काकू चुलीपुढं होती. तिनं माझ्याकरवी काहीच कळवलं नाही.

यंदा पुन्हा सोयाबीन पाण्यात गेलं. नवी यादी लागली तेव्हा मी घरीच होते. काकूनं मला विचारलं नाही. शेजारच्या बाईला घेऊन ती बोरीला गेली आणि दुपारी उन्हातून परत आली. यादी मी आधीच मोबाईलवर पाहिली होती. सगळं क्षेत्र वडिलांच्या नावापुढं होतं.

"काय म्हणाला केंद्रवाला?" तरीही मी विचारलं.

"मागची संमती हाय म्हणला."

तिनं पायावर पाणी घेतलं. ओसरीवर वडील बसले होते, म्हणून ती मागच्या दारानं आत गेली.