बिनमोटारीच्या घरांचा उमेदवार

माझ्या बायकोचा मोठा भाऊ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला, त्याला मीच जबाबदार आहे असं आमच्या घरात आजही समजलं जातं. मी फक्त "उभे राहा न दादा" एवढंच म्हणालो होतो, आणि तेही तोंडात आलुबोंडा असताना. पण सासुरवाडीच्या माणसांना आपण काय बोललो तेवढंच लक्षात राहतं. बोलताना काय खात होतो, ते कोणी धरत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही पिपरी मेघेला भाड्यानं राहत होतो. वर्ध्याला चिकटलेलं हे गाव तेव्हा असं वाढत होतं की दिवाळीला चार दिवस बाहेर जाऊन आलं, तर घरासमोरच्या तुरीच्या शेतात ले-आउटचे दगड रोवलेले दिसायचे. मी वर्ध्याच्या एका कापड दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना लुगडी उलगडून दाखवायचो. घरी दोन खोल्या, दोन पोट्टे आणि एक बायको. शिवाय घरमालक. त्यांना सगळे काकाजी म्हणत. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, उन्हाळ्यात माह्या पोराचं लगन हाय. तोवर खोल्या खाली करून देजा."

त्या दिवसापासून बायको रोज जेवायला वाढताना एकच प्रश्न विचारी, "जागा पाह्यली का?" भाजीत मीठ कमी असो की जास्त, मला प्रश्नाचीच चव लागे. खरं तर तिला दुसरी भाड्याची जागा नकोच होती. आठ वर्षांत तिनं चार घरमालक पाहिले होते. तिला आता स्वतःचं दार हवं होतं.

दादाचं नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. छर्रे बदलता बदलता तो गावाचा विचार करायचा. त्याचं म्हणणं साधं होतं, आणि मला ते आजही चूक वाटत नाही. नाल्यापलीकडे पंचायतीची मोकळी जागा पडून होती. तिथं भाडेकरूंसाठी दोन-दोन खोल्यांची घरं बांधायची, भिंतीला भिंत लावून. मधली वाट फक्त एवढी, की सायकलवाला आणि डोक्यावर पाण्याचा गुंड घेतलेली बाई एकमेकांना धक्का न लावता जातील. जीप, ट्रॅक्टर, फटफटी सगळं बाहेर डांबरी सडकेवर थांबेल. नाल्याच्या काठानं थेट वर्ध्याच्या बाजारापर्यंत सायकलींची वेगळी वाट, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पंचायतीची सायकलरिक्षा.

"जवाई, पाहा न तुमी," दादा पान्यानं जमिनीवर रेघा ओढत म्हणायचा, "ले-आउटवाला तीस फुटाचा रस्ता सोडते. त्या रस्त्यावर दिवसभर कोण चालते? कुत्रे! अन् त्याचे पैसे प्लॉट घेणाऱ्याच्या बोकांडी. तो रस्ताच काढून टाकला त घर आपल्या आवाक्यात येते का नाई?"

सायकलवाल्यानं ही योजना मांडल्यावर लोक काय म्हणाले ते सांगायला नको. "म्हणजे साऱ्या गावानं सायकली चालवाव्या, अन् यानं पंक्चर काढावं!"

त्यात निशाणीची भानगड झाली. दादाला सायकल हवी होती. ती यादीतच नव्हती. वाट्याला आली जीप.

"आता लोकाईले काय सांगाव?" दादा डोक्याला हात लावून बसला. "जीप बंद करासाठी जीपवर शिक्का मारा?"

"दादा," मी व्यवसायातला अनुभव सांगितला, "गिऱ्हाइकाले रंग नाई आवडला त आमी पोत दाखवतो. निशाणीचं बोलाचंच नाई."

या एका सल्ल्यावर मी प्रचारप्रमुख झालो.

समोरचा उमेदवार म्हणजे आमचे काकाजी. आता माझी पंचाईत पाहा. दिवसभर ज्याच्या विरोधात मतं मागायची, संध्याकाळी त्याच्याच नळावर बादली लावायची. काकाजी हरले आणि दादा पंच झाला, तर घरांची योजना निदान पंचायतीच्या टेबलावर जाणार होती. काकाजी निवडून आले तर आम्ही उन्हाळ्यात सामानासकट सडकेवर. बायकोनं हे गणित मला इतक्या वेळा समजावलं की मी झोपेतही "दादा, दादा" म्हणत असे.

काकाजी मात्र चिडले नाहीत. उलट आमच्या सभेला स्वतःची सतरंजी दिली. माइक दिला. "बोला न, भाऊ. काऊन नाई? लोकशाही हाय," असं म्हणून वर मला चहा पाजला. मला वाटलं, माणूस घाबरला. मी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "घाबरलेला मानूस चहात एवढी साखर टाकत नाई." मी लक्ष दिलं नाही.

सभेला भाडेकरू झाडून आले. कोणी कारंज्याकडचे, कोणी आर्वीकडचे. गावाकडे शेती आणि इथं नोकरी किंवा धंदा, अशी माझ्यासारखीच माणसं. प्रश्नही चांगले आले.

"काहो दादा, गॅसचं सिलिंडर कसं येईन?"

"सायकलच्या कॅरिअरवर. आता काय हेलिकॉप्टरनं येते?"

"अन् वरात?"

"नवरदेव पायी चालन. आयुष्यभर चालाचंच हाय त्याले पुढं."

एक पोरीचा बाप उठला. त्याचा चेहरा खरोखर काळजीचा होता. "जवाई फटफटीवर आला त तिले सडकेवरच ठेवाची का जी? चोरी गेली म्हंजे?"

दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पाहा आमचे जवाई. आठ वर्षांपासून पायीच येतात. पन जेवाच्या टाइमाले एक दिवस चुकले नाई!"

सभा जिंकली. माझ्या जिवावर, पण जिंकली.

दुसऱ्या दिवशी दादानं भाषणापेक्षा भारी काम केलं. नाल्यापलीकडे जाऊन चुन्याच्या फकीनं एक घर खऱ्या मापात आखलं. दोन खोल्या, मोरी, दार, बाहेर वाट. बायाबापड्या बघायला आल्या आणि पाहता पाहता त्या घरात राहायलाच लागल्या. कोणी भिंतीवरून जाईना. सगळ्या दारातून आत, दारातून बाहेर. माझा धाकटा सरळ रेघ ओलांडून आला तर एका बाईनं त्याचा कान धरला, "काबे, भिंतीतून येतं का कोनी?" माझी बायको पुढच्या खोलीत बराच वेळ उभी राहिली. मग दादाला म्हणाली, "दादा, मोरी त्या कोपऱ्यात घे. इथं माही मांडणी येते." दादानं निमूटपणे पायानं चुना पुसला आणि मोरी हलवली. ती तेव्हा हसली नाही, हे मला आठवतं. मांडणीवर कोणता डबा कुठे, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

मतदानाच्या सकाळी मी शाळेबाहेर टेबल टाकून बसलो. माझं काम मतदाराचं नाव यादीत शोधून त्याला नंबराची चिठ्ठी देणं. यादी मी तहसीलमधून पंधरा दिवस आधीच आणली होती आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. दुकानातली सवय. गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय घडी मोडायची नाही.

घडी मोडली. पहिला आला तो सभेत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. त्याचं नाव सापडेना. दुसऱ्याचं सापडेना. तिसऱ्याचंही नाही.

"तुमचं नाव कुठं हाय जी?" मी शेवटी विचारलं.

"माहं? माहं त गावात हाय न. कारंज्याले."

"अन् तुमचं?"

"आमचंबी गावातच. इथं कशाले राहीन?"

मी माझं स्वतःचं नाव शोधलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग आठवलं की मी दर निवडणुकीला माझ्या गावी, रोहण्याला जातो, आईच्या हातचं जेवतो आणि चुलतभावाला मत देऊन परत येतो. गावच्या यादीतून नाव कापायचं म्हटलं तर आई रडायला लागायची. तिच्या लेखी नाव फक्त मेलेल्याचं कापतात. भाऊबंदांच्या लेखी नाव कापलं म्हणजे शेताच्या धुऱ्यावरचा हक्कही गेला. आणि इकडे खोली देताना प्रत्येक घरमालकाची अट एकच: रेशनकार्ड अन् यादीतलं नाव गावातच ठेवा, इथं नोंदवाचं नाई. नाव नोंदवलं की भाडेकरू खोलीवर हक्क सांगेल ही त्यांना भीती. आम्ही सगळ्यांनी ही अट आनंदानं मान्य केली होती. मीही केली होती, त्याच काकाजींच्या ओट्यावर बसून.

ज्यांच्यासाठी घरं बांधायची होती, त्यांच्यातल्या एकालाही मत नव्हतं, आणि हे न कळलेला माणूस प्रचारप्रमुख होता.

काकाजी पांढऱ्याशुभ्र धोतरात टेबलाजवळून गेले. "काय भाऊ, सापडलं का कोनी?" असं अगदी मायेनं विचारून पुढे झाले.

मग बायको आली. हिरवं लुगडं नेसून, पोट्ट्यांना घेऊन. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग यादीकडे. "माहंही नाई?"

"तुहं रोहण्याले हाय. माह्या खाली."

मी तिला चहा घेतेस का विचारलं. आयुष्यात मी बऱ्याच चुकीच्या वेळी चहा विचारला आहे, पण इतक्या चुकीच्या वेळी कधीच नाही.

जीपला अकरा मतं पडली. दादा म्हणाला, "दहा म्या ओळखतो. अकरावा कोन, त्याले भेटाच हाय." त्याला राग कसला तो आलाच नव्हता. रागाचं सगळं काम बायकोकडे होतं.

काकाजी पेढे घेऊन आले तेव्हा तिनं पेढा घेतला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "काकाजी, एक चिठ्ठी लिहून देजा. आमी इथं राहतो म्हनून. मले यादीत नाव टाकाचं हाय."

"आता कशाले, बाई? तुमी त खाली करून राह्यले न," काकाजी म्हणाले, आणि दुसरा पेढा पुढे केला. तो मी खाल्ला.

त्याच आठवड्यात दादानं दुकानामागची टिनाची खोली रिकामी केली. मोडक्या सायकली, गंजलेल्या रिमा, सगळं भंगारात गेलं. मधे एक भिंत उभी केली की दोन खोल्या झाल्या. मोरी कुठे घ्यायची हे त्यानं बहिणीलाच विचारलं. दुकान आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या सांदीतून आत यायचं. सायकल येई, पोट भरलेला माणूस आडवा होऊन येई. पूर्ण योजनेतलं एवढं एकच घर झालं, आणि ते मिळालं त्याच्याच बहिणीला. गावानं याचीही चर्चा केली. पण मालक म्हणून चिठ्ठी आता दादानं लिहून दिली, आणि ती घेऊन बायको स्वतः तहसीलला चालत गेली.

काही महिन्यांनी चौकशीला एक कारकून आला. सांदीच्या तोंडाशी त्याची स्कूटर अडली.

"गाडी आत येत नाई का?"

"नाई येत," बायको अभिमानानं म्हणाली. "योजनाच तशी हाय."

तो अंग चोरत आत आला. त्यानं चुलीपासून मांडणीपर्यंत घर पाहिलं आणि तिचं नाव लिहिलं. तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. रोहण्याला आईला कळलं तेव्हा तिनं निरोप धाडला, "सुनेचं नाव काऊन कापलं?" बायकोनं उलट निरोप दिला, "म्या जिती हाव, म्हनून कापलं."

कारकुनानं त्या दिवशी पेन माझ्याकडे वळवून विचारलं होतं, "अन् तुमचं?"

मी म्हणालो, "आईले विचारून सांगतो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. कारकुनानं पेनाला टोपण लावलं.