अकरा हिट आणि एक चूक

एल्मर क्लिंगमन सरांकडून आपल्याला काही फुकट मिळालं, असं सांगणारा माणूस पोर्ट क्लेटनमध्ये शोधून सापडला नसता. छत्तीस वर्षं त्यांनी तिथल्या हायस्कुलात भूमिती शिकवली. अर्ध्या मार्कासाठी रडत आलेल्या पोराला ते अर्धा मार्क कसा गेला हे इतक्या सविस्तर समजावत, की पोरगं पुढच्या वेळी दोन मार्क गेले तरी गप्प बसे. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या कुणी परसात टोमॅटो लावले असते. सरांनी टिनर्सच्या मैदानावर अधिकृत गुणलेखकाची खुर्ची धरली. टिनर्स म्हणजे गावचा बेसबॉल संघ, आणि पत्र्याचा कारखाना बंद झाल्यापासून गावाकडे अभिमान बाळगायला उरलेली एकमेव वस्तू.

हा गुणलेखक नुसत्या धावा मांडणारा कारकून नसतो. फलंदाजाने चेंडू मारला, समोरच्याच्या हातून तो निसटला आणि फलंदाज पहिल्या तळावर सुखरूप पोचला, तर ती फलंदाजाची हिट की समोरच्याची चूक, हे तो ठरवतो. हिट दिली की फलंदाजाची सरासरी चढते; चूक दिली की उतरते. सर वर काचेच्या खोलीत बसून माइकमध्ये “चूक, शॉर्टस्टॉप”, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तळांच्या मधल्या गड्याची चूक, असं म्हणत, ते थेट उत्तरपत्रिका परत देतानाच्या सुरात. खेळाडू खालून फोन करून शिव्या देत. सर त्या शांतपणे ऐकत आणि निर्णय आहे तोच ठेवत.

सगळ्यात जास्त शिव्या ब्रॅडी ऑस्ट्रँडरच्या असत. हा तिसऱ्या तळावरचा गडी. पाच वर्षं गावाने याला पोसलं आणि पाच वर्षं याची पाठ दुखत होती. पाठ बरी असली की गुडघा. चेंडू दोन हात लांबून गेला तर हा त्याच्याकडे पाहुण्याला निरोप द्यावा तसा बघत राही. पण सहा मोसम भरले की खेळाडू मोकळा होतो, ज्याची थैली मोठी त्याच्याकडे जाऊ शकतो. आणि सहाव्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी ऑस्ट्रँडरची पाठ बरी झाली. कुठल्या डॉक्टरला जमलं नाही ते पंचांगाने करून दाखवलं.

काय खेळला म्हणता. मातीत लोळून चेंडू अडवले, पाऊस असताना सराव केला, म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर सह्या केल्या. जूनपर्यंत त्याची सरासरी तीनशे चाळीसला, म्हणजे हजार खेळ्यांमागे तीनशे चाळीस हिट इथवर पोचली आणि गाव वेडं झालं. पेग सोरेनसनने आपल्या खाणावळीत डुकराच्या मांसाच्या सँडविचला ‘ऑस्ट्रँडर’ नाव दिलं. ‘ब्रॅडी, राहा’ असे फलक घराघरांवर लागले. देवाला कधी इतक्या कळकळीने थांब म्हटलं नसेल.

मे महिन्यातल्या एका सामन्यात त्याचा एक फटका दुसऱ्या तळावरच्या माणसाच्या हातमोज्याला लागून उडाला. सरांनी तो तीनदा पडद्यावर पाहिला. सरळ चूक होती. सरांनी माइक ओढला आणि म्हणाले, “हिट.” शेजारी बसलेल्या वार्ताहराने चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी वर खोलीत चॉकलेटचा डबा आला, शेंगदाण्याच्या सारणाचं, सरांना आवडतं तेच. जाताना जिन्यात ऑस्ट्रँडर स्वतः भेटला. म्हणाला, “सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून या गावातून पाय निघत नाही.”

सर विरघळले. त्यांच्या मनात एक हिशेब बसला, आणि भूमितीच्या मास्तराच्या मनात एकदा हिशेब बसला की तो सुटत नाही. या पोराचं इथे नाव झालं, इथे बक्षीस मिळालं, तर त्याला इथली माया लागेल आणि तो राहील. या गावातून कारखाना गेला, सिनेमागृह गेलं, त्यांची मुलगी लिनेट ॲरिझोनाला गेली. एकदा तरी कुणीतरी राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. सप्टेंबरपर्यंत सरांनी अशा अकरा हिट दिल्या. प्रत्येकीपुढे आपल्या वहीत त्यांनी पेन्सिलीने एक बारीक टिंब काढलं. लबाडीसुद्धा नीट नोंदवलेली हवी, ही त्यांची शिस्त.

मोसमाचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. ऑस्ट्रँडरला एक हिट मिळाली असती तर सरासरी साडेतीनशे झाली असती. टिनर्सच्या इतिहासात तिथवर कुणी पोचलं नव्हतं. सकाळी सर अंडं सोलता सोलता बायकोला, आर्डिथला, सांगत होते की आज साडेतीनशे झाले की तो इथलाच होणार.

आर्डिथने कॉफी ओतली. “एक विचारू? छत्तीस वर्षांत तुझ्या वर्गात पहिला आलेला कुठला पोरगा या गावात राहिला?”

सर अंडं सोलत राहिले.

“लिनेट पहिली आली होती,” ती म्हणाली. “पेगला तू दोनदा नापास केलंस. ती बघ कशी इथेच आहे.”

मैदानावर जाताना सर टोपी घरीच विसरले.

सातव्या डावात ऑस्ट्रँडरने शॉर्टस्टॉपकडे एक चेंडू मारला. सरपटत जाणारा, साधा. शॉर्टस्टॉपने वाकून घेतला, हातातून सोडला, पुन्हा उचलला, आणि तोवर ऑस्ट्रँडर तळावर होता. लहान लेकरानेसुद्धा चूक म्हटलं असतं. पण सगळं मैदान उभं राहिलं आणि हजारो माणसं मान वर करून काचेकडे बघू लागली. सरांनी पडद्यावर एकदाही पाहिलं नाही. हिट दिली तर याचा भाव आणखी चढेल, आणि गावाच्या हाताला तो लागायचा नाही. चूक दिली तर भाव जरा उतरेल, कदाचित राहील. मेनंतर पहिल्यांदाच ऑस्ट्रँडरच्या अशा फटक्यावर त्यांच्या तोंडून खरं निघणार होतं, आणि तेही खोट्या कारणासाठी. सरांना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी माइक ओढला आणि जुन्या सुरात म्हणाले, “चूक, शॉर्टस्टॉप.”

मैदान असं ओरडलं की काच थरथरली. ऑस्ट्रँडरने तळावरून वर बोट दाखवलं आणि मान हलवली. पुढची खेळी आलीच नाही. तीनशे एकोणपन्नासवर मोसम संपला.

डिसेंबरात तो किनाऱ्यावरच्या श्रीमंत संघाची टोपी घालून टीव्हीवर दिसला. डोळे ओले होते. “माझं राहायचंच ठरलं होतं,” तो म्हणाला. “पण शेवटच्या दिवशी त्या खोलीतल्या माणसाने मला दाखवून दिलं, की त्या गावाला मी कोण.” राहतं घर त्याने ऑगस्टमध्येच विकायला काढलं होतं. त्या घराचे पडदे आर्डिथच्या मावसबहिणीने विकत घेतले होते. पण एवढी आठवण ठेवायची गावाला गरज वाटली नाही. दोषी माणूस तीन गल्ल्या सोडून राहत असताना कुणी किनाऱ्यापर्यंत कशाला जाईल?

घरांवरचे फलक उतरले. पेगने सँडविचचं नाव ‘गद्दार’ केलं आणि ते दुप्पट खपायला लागलं. सर आत आले की ती टेबल पुसत पाठ फिरवी. पोस्टातला, वाण्याकडचा, सगळे सरांचेच विद्यार्थी. छत्तीस वर्षांचे सगळे अर्धे मार्क त्या हिवाळ्यात त्यांनी वसूल केले.

मार्चात चर्चच्या तळघरात शुक्रवारचं माशांचं जेवण होतं. सर आणि आर्डिथ लांब टेबलाच्या टोकाला बसले. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. वाढायला पेग होती. तिने सरांच्या ताटात मासा ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“सर, एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण टेबलावरचे काटे-चमचे थांबले. “जन्मात एकदा कुणाला एक फुकट दिलं असतंत, तर काय बिघडलं असतं तुमचं?”

सरांचे कान लाल झाले. वही कोटाच्या आतल्या खिशात होती, टिंबांसकट. त्यांनी तोंड उघडलं. अकरा हा आकडा अगदी जिभेच्या टोकावर आला. सगळं टेबल वाट बघत होतं. आर्डिथने टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सरांनी माशाचा मोठा तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि बराच वेळ चावत राहिले.