प्रेक्षक बंद

घरोघरी कॉम्प्युटर नव्हते तेव्हाची गोष्ट. इंदिरानगरमधल्या आमच्या सायबर कॅफेत दुपारी एक टेम्पोवाला यायचा. वणीकडून आणलेला झेंडू बाजारात उतरवला की चपला दाराशी काढून आत बसायचा. उरलेल्या फुलांची माळ मॉनिटरला घालून हात जोडायचा आणि मगच मोटारींच्या शर्यतीचा गेम लावायचा.

गाडी मात्र गचके खात पळायची. त्याने गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या काढल्या, चित्र धूसर केलं, तरी गचके तसेच.

शेजारून मी म्हणालो, "प्रोसेसर दमतोय. कडेचे प्रेक्षक बंद करा. एवढी माणसं हलवताना त्याचा जीव जातो."

"लोकंच नाय तर जिंकायचं कशाला, भाऊ?"

बरेच दिवस त्याने ऐकलं नाही. शेवटी एकदा वैतागून प्रेक्षक बंद केले. गाडी सुसाट सुटली आणि तो पहिला आला! पण रिकाम्या कठड्यांकडे बघून त्याचा चेहराच पडला.

"लय सुनं वाटतं," तो पुटपुटला.

मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या कॅफेने वाजवल्या. त्याने उठून सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर प्रत्येक शर्यतीआधी तो मागे वळून विचारायचा, "पब्लिक तयार हे ना?"

आणि आम्ही कीबोर्डवरचे हात उचलायचो.