साफ केलेली कॅसेट

"माझा आवाज कुठे गेला?" राहुलच्या आईंनी सीडी माझ्या काउंटरवर ठेवली.

तेव्हा बिबवेवाडीत माझं दुकान होतं. जुन्या कॅसेटींच्या सीडी करून द्यायचो. राहुल खराडीला आयटीत. वडील वारल्यावर त्याने त्यांची कॅसेट आणून दिली होती. नातवंडांसाठी त्यांनी आपलं आयुष्य सांगून ठेवलं होतं, चांगलं तासभर.

कॅसेटमधली खरखर, भांड्यांचे आवाज काढायचे, त्याला आम्ही क्लीनिंग म्हणतो. कॉम्प्युटरवर आवाजाची रेषा दिसते. जवळचा आवाज उंच, लांबचा बुटका. पण काम करायचं ते कानाने.

मी दहा मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. सरळ सांगतो, जळफळाट झाला. दुकानात सात माइक, आणि माझ्या वडिलांचा आवाज माझ्याकडे पाच सेकंद. तोही कुणाच्या तरी लग्नाच्या टेपवर: "अरे, हे चालू आहे का?" या पोराकडे मात्र अख्खा तास! मग मी नुसतं बघून बुटक्या रेषा कापत सुटलो.

"आई, तू रेकॉर्डिंगला नव्हतीसच," राहुल म्हणाला.

"स्वयंपाकघरात होते. तोंड काय बंद होतं?"

नशिबाने मूळ फाइल पुसली नव्हती. लावली. राहुलचे वडील सांगत होते, "छप्पन साली दीक्षेला मी नागपूरला गेलो. वडिलांच्या खांद्यावरून सगळं पाहिलं."

मागून बाई: "अहो, तुम्ही तापाने घरी होतात. तुमची आईच सांगायची. खांद्यावर मी होते, माझ्या बाबांच्या."

मग माइकपासून तोंड फिरवून, हळूच: "बरं बाई. तू होतीस."

"उभ्या संसारात एकदाच कबूल केलं," बाई म्हणाल्या. "नेमकं तेच कापलंत."

राहुलने विचारलं, "काका, तुम्ही ऐकलं नव्हतं का?"

आता काय लपवायचं? खरं कारण सांगून टाकलं. माझ्या वडिलांच्या पाच सेकंदांसकट.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ते तरी साफ केले नाहीत ना?"

"नाही."

त्या स्टूल ओढून बसल्या. मी एकतीस तुकडे परत जोडले, प्रत्येक ऐकून.

हेवा अजून वाटतो. हेडफोन मात्र काढत नाही.