बिनपत्तीचा चहा

चंद्रभागाबाईनं चौसाळ्याच्या फाट्यावर उभी हयात चहा उकळला. हॉटेलच्या पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, उत्तरेश्वरचं, आणि गल्ल्यावरही तोच बसायचा. धुरात उभं राहायचं खातं बायकोकडं होतं. ट्रकवाले बशी रिकामी करून म्हणायचे, मावशी, आता तुळजापूरपर्यंत झोप न्हाई. ही नुसती स्तुती नव्हती; पत्तीच तेवढी असायची. पुढं रस्ता चौपदरी झाला आणि गावाला वळसा घालून गेला. पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेश्वरही गेला. दोन्हींपैकी कशाचं दुःख जास्त, असं तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तराला थोडा वेळ लागला असता.

हॉटेल बुडालं आणि तिच्याकडं राहिला तो स्वतःचा चहा. उठल्याबरोबर, भाकरीच्या आधी, भाकरीच्या नंतर, शेजारची गीताबाई आली म्हणून आणि ती एकदाची गेली म्हणून. दुसरा कुठला शौक तिला परवडला नव्हता आणि सुचलाही नव्हता. हाच चहा तिनं एका दुपारी सोडला.

त्याचं कारण मुलगा, आदिनाथ. त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवर जळालेली मोटार त्याच्याकडं यायची आणि नव्या तारेचे वेढे घेऊन परत जायची. चाळिशीही न गाठलेल्या ह्या माणसाचं तोंड एका पावसाळ्यात सुजायला लागलं. अंगावर काढायचं तेवढं काढून झाल्यावर त्याला बीडला नेलं, तर दोन्ही किडन्या गेलेल्या. माझी घ्या, चंद्रभागाबाई म्हणाली. डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टा आवळून रक्तदाब पाहिला आणि तुमची चालणार नाही म्हणून सांगितलं. वर, मावशी, तुम्हीसुद्धा मीठ तोडा, असा सल्ला दिला. मीठ तोडून कुणाला किडनी मिळत नसते, म्हणून तिनं तो सल्ला तिथंच ठेवला.

मग देण्यासारखं दुसरं काय, तर चहा. दवाखान्याच्या फाटकात तिनं रिक्षावाल्याला अंबाजोगाई कुणीकडं ते विचारलं, त्यानं दाखवलं तिकडं हात जोडले आणि योगेश्वरीला बोलली, पोरगं जितं ठेव, चहा सोडते. ती बाजू नगरची होती, हे नंतर कळलं. देवीनं ते मनावर घेतलं नसावं, कारण पोरगं जगलं. आठवड्यातून दोनदा बीडला जाऊन, हातात सुया खुपसून, मशिनीला बांधून घेऊन जगलं. नवसात किडनीचा उल्लेख नव्हता. देवीनं ठरलं तेवढंच दिलं.

मशिनीवरच्या माणसाला पाणी मोजून. सून स्वप्नाली सकाळी एक बाटली भरून ठेवायची. दिवसभराचं पाणी, गोळ्यांचा घोट, आमटीतलं पातळ, सगळं त्यातूनच वजा. त्याचं जेवणही वेगळ्या छोट्या पातेल्यात, बिनमिठाचं. असं त्या घरात एक माणूस चहा पिऊ शकत होता पण घोटभरच, आणि दुसरं हंडाभर पिऊ शकलं असतं, पण चहा सोडून काहीही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला पुण्याची लेक मंगल आली, ती एक खोकं घेऊन. आत रंगीबेरंगी पुड्या, प्रत्येकीला दोरा. चंद्रभागाबाईनं हात मागं घेतला. मंगल म्हणाली, माय, ह्यात पत्ती न्हाईच, नुसता पाला अन् फुलं. यावर ओसरीवर शास्त्रार्थ झाला. गीताबाईचं म्हणणं पडलं की कपात ओतून फुंकून प्यायचं ते चहाच, देवीला काय कळत न्हाई का. स्वप्नाली म्हणाली, मग सर्दीचा काढाबी चहाच म्हणायचा. शेवटी निवाडा आदिनाथनं केला. मोटारींवरच्या पट्ट्या वाचून त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. एकेक पुडी डोळ्यांजवळ धरून त्यानं पत्तीवाल्या बाजूला काढल्या, त्या थोड्याच निघाल्या, आणि उरलेल्या आईच्या पुढ्यात सरकवल्या.

तेव्हापासून मशीन नसेल त्या दिवशी, ऊन कललं की, एक पुडी सुटायची. पहिला चमचा आदिनाथचा, बाटलीतून वजा करून. बाकी कप आईचा. तो चमचा तोंडात घोळवत बसायचा, गिळायची त्याला घाई नसायची. मग दोघं निकाल द्यायचे.

जास्वंदीचा लालभडक निघाला आणि चिंचेच्या वळणावर गेला. गणपतीला वाहायचं ते आपुन पिलो, म्हणून चंद्रभागाबाईनं कपाळाला हात लावून घेतला. पुदिन्याचा प्यायल्यावर दात घासल्यागत वाटलं. बडीशेपेचा म्हणजे हॉटेलात बिल दिल्यानंतर चघळतात ते पाण्यात. पण बरा होता. गुलाबाचा दोघांनाही लग्नाच्या मांडवात घेऊन गेला, आणि आदिनाथ म्हणाला, ह्यो नवरदेवालाच द्यावा, त्याला त्या दिवशी चव कुठं कळती. एका पुडीवर पांढरी बारीक फुलं काढलेली होती. ती पिऊन चंद्रभागाबाई म्हणाली, कडब्याच्या गंजीत तोंड घातल्यागत झालं. आदिनाथनं दुरुस्ती केली: पावसात भिजलेल्या गंजीत. तिनं आणखी एक घोट घेऊन पाहिला आणि दुरुस्ती मान्य केली.

“अख्खा कप मिळतो तरी तुला चव लागत न्हाई,” तो म्हणायचा.

“तुला चमचाच मिळतो म्हणून जास्त लागती.”

बडीशेप पहिली, भिजलेला कडबा शेवटचा, मधल्यांवरून भांडण. दोन वर्षांत त्या घरात आजार सोडून दुसऱ्या विषयावर झालेलं हे पहिलंच भांडण होतं, त्यामुळं स्वप्नाली ते मिटू देत नसे.

दवाखान्यात आदिनाथच्या शेजारच्या खाटेवर पालीचा आश्रुबा असायचा. त्याची बायको सुभद्राबाई दोन वर्षं अनवाणी होती, नवस. एका मंगळवारी आश्रुबाची खाट रिकामी दिसली. मशीन संपवून आदिनाथ आईच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला, तर सुभद्राबाई फाटकाशी बसलेली. कुणालाच उद्देशून न बोलता ती सांगत होती की शेतातून येताना डांबर लई तापलं व्हतं, म्हणून जावेची चप्पल घातली, वढ्यापसून घरापर्यंत, तेवढीच. तेवढीच घातली. माणसं तिला उठवत होती आणि ती पुन्हा ओढ्यापासून सुरू करत होती. गाडीत चंद्रभागाबाई एकदा म्हणाली, घालायची नव्हती तिनं. तो आईकडं बघत राहिला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यानं स्वतः उठून पाणी तापवलं. स्वप्नाली गिरणीत गेली होती. कप आईच्या हातात देऊन तो समोर बसला आणि म्हणाला, ह्यो संत्र्याच्या सालीचा हाय, नवा.

साल होतीच. पण सालीच्या खाली, जिभेच्या मुळाशी, तुरट पकड बसली, आणि चंद्रभागाबाईला कळायला दुसरा घोट लागला नाही. ही पत्ती. जिच्या वाफेत तिचा जन्म गेला ती. पोराची नजर मंदावली, बाजूच्या पुड्यांतली एक इकडं आली, असं तिच्या मनात आलं. थुंकावं तर त्याला कळणार की स्वतःच्या हातानं त्यानं नवस मोडला. आणि तो तर तिच्याकडं असा बघत होता, जसा नुकत्याच भरलेल्या मोटारीकडं बघायचा, बटणावर बोट ठेवून. तिनं घोट गिळला. मग सगळा कप संपवला, कारण अर्धा टाकला असता तर त्यानं कारण विचारलं असतं.

“कसाय?”

“साल कडू हाय.”

तो हसला. आजारानंतर तो असा हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला तिनं ताट सरकवलं आणि स्वप्नालीला म्हणाली, मला ह्याच्या पातेल्यातलं वाढ. कावून, आत्या, म्हणून सुनेनं विचारलं. बीपी, ती म्हणाली, डॉक्टर कधीचा म्हणतोय. सगळ्यांनाच बरं वाटलं, म्हातारीला उशिरा का होईना अक्कल आली. मनातल्या मनात तिनं देवीला सांगितलं, ह्या खेपेला दिशा न विचारता: चूक झाली, पोराची न्हाई, माझी धर. चहा सुटलेलाच, वर मीठबी सोडलं.

बीडच्या बऱ्याच खेपा झाल्या. मग एका संध्याकाळी आदिनाथनं खोकं जवळ ओढलं, पण पुडी काढली नाही.

“माय, त्या दिवशीची साल आठवती का? ती पत्ती व्हती. मी मुद्दाम पाजली.”

ती खोक्यातल्या पुड्या सरळ करू लागली.

“अन् मी हाय. बसलोय तुझ्यापुढं. तुझ्या चहावर मी जगत न्हाई, अन् तुझ्या चहानं मरणारबी न्हाई. उद्या माझं काय झालं, तर त्या पालीच्या बाईगत फाटकात बसून चप्पल चप्पल करू नको. एवढंच दाखवायचं व्हतं.”

उत्तर तिच्याकडं तयार होतं. तू बसलायस ते मिठामुळं, त्याच रात्रीपासून. एका वाक्यात त्याचा सगळा हिशेब कोसळला असता. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मोटार चालू झाली होती. तिला ती बंद करवली नाही.

“बरं,” ती म्हणाली. मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, “टाक मग, स्वप्नाली. आलं ठेचून टाक.”

हॉटेलातलं जुनं पातेलं निघालं. दूध, आलं, आणि पत्ती तिच्या हिशेबानं. आदिनाथनं त्यातला चमचा तोंडात धरला, डोळे मिटून, इतका वेळ की स्वप्नालीला काळजी वाटली. पहिला नंबर, तो म्हणाला. खोकं त्या दिवसापासून फळीवर गेलं.

मग रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर चहा प्यायची. तो समाधानानं बघायचा. चहा पिताना तिला काहीतरी चोरल्यागत वाटायचं आणि रात्रीची अळणी आमटी ओरपताना ते परत जागेवर ठेवल्यागत. दोघांचंही भागत होतं.

होळीच्या सुमारास त्याला ताप भरला. छातीत पाणी झालं. मशीननं काढलं तेवढं निघालं, राहिलं ते राहिलं. ज्या माणसाला दोन वर्षं पाणी मोजून मिळालं, तो पाण्यानंच गेला.

सुतकात चूल पेटत नाही. गीताबाईनं तिच्या घरून चहाची किटली आणली. बायका म्हातारीला धरून बसल्या होत्या. कुणी आग्रह करायच्या आधीच चंद्रभागाबाईनं कप घेतला, सगळ्यांदेखत शेवटपर्यंत प्यायला आणि खाली ठेवला. काहींनी एकमेकींकडं पाहिलं. काळीज दगडाचं, असं एकीच्या मनात आलं, ते तिनं घरी जाऊन सांगितलं. मागून गीताबाईनं आणलेल्या पिठलं-भाकरीतलं मात्र म्हातारीनं नुसती भाकरी मोडली. दुःखात पिठलं कुणाला गोड लागतं, म्हणून त्याची दखल कुणी घेतली नाही.

दहाव्याला नदीवर पिंड मांडले. स्वप्नालीनं शेजारी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि काठोकाठ भरलेला चहाचा कप. आता वजा करायचं काही नव्हतं. कावळे होते, बाभळीवर बसले होते. खाली येईनात. मग रीतीप्रमाणं माणसं एकेक करून पुढं होऊन गेलेल्याचा जीव कशात अडकला ते शोधू लागली. चुलता हनुमान म्हणाला, दुकानाला कुलूप लागू देणार न्हाई. कावळा हलला नाही. मंगल म्हणाली, मायला मी अंतर देणार न्हाई. स्वप्नाली म्हणाली, मी खंबीर राहीन. एक कावळा उडाला तो पलीकडच्या शेतात गेला. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला काय सुचतंय का बघा.

म्हातारीला माहीत होतं. त्याचा जीव कशात होता हे तिथं जमलेल्यांत तिला एकटीलाच नक्की माहीत होतं. पुढं होऊन म्हणायचं फक्त, बापू, आजपसून मीठ खाते, माझ्यामुळं झालं न्हाई. पण ते म्हटलं की दुसरंही ऐकणं आलं: चहाचा उपयोग नव्हता, मिठाचा नव्हता, दोन वर्षं ती पोरासाठी काहीच करत नव्हती, नुसती शेजारी बसली होती. त्यापेक्षा आपल्या हातून एक कप झाला आणि त्यानं पोरगं गेलं, हे तिला सोसण्यासारखं वाटलं. त्यात निदान तिचा हात होता. सुभद्राबाई चप्पल का सोडत नव्हती, ते तिला त्या उन्हात उभ्या उभ्या कळलं.

तिनं मान हलवली. काय सुचत न्हाई. गुरुजींनी घड्याळाकडं पाहून दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. ज्यांना पुढच्या गाडीनं जायचं होतं त्यांना हायसं वाटलं.

पाहुणे पांगल्यावर स्वप्नालीनं चूल हाती घेतली. आदिनाथचं छोटं पातेलं घासून कोरडं केलं आणि माळ्यावर टाकायला हात वर केला.

“ते ऱ्हाऊ दे खाली,” चंद्रभागाबाई म्हणाली. “माझ्यापुरतं करत जा.”

“बीपी?”

“बीपी.”

स्वप्नाली पातेलं हातात धरून उभी राहिली. पिठल्याची हात न लावलेली वाटी, त्या रात्रीचं सरकवलेलं ताट, सगळं तिच्या डोळ्यांपुढं एकेक करून येत गेलं.

“आत्या, त्यांनी एवढा खटाटोप केला तुमच्यासाठी.”

“केला की,” चंद्रभागाबाई म्हणाली. “म्हणून तर चहा पिते.”

डाळ शिजत आली होती. स्वप्नालीनं दोन पळ्या छोट्या पातेल्यात काढून ठेवल्या, आणि मग मोठ्यात मीठ टाकलं.